फुलांची तारीख

(कोकणात माघ-फाल्गुनाच्या दिवसांत घराच्या अंगणात आणि परसात कोणती फुले फुलतात, ती नेमकी त्याच वेळी का फुलतात आणि त्यांची नोंद ठेवल्याने काय साधते, याची माहिती या पाठात दिली आहे.)



पौष संपून माघ लागतो. रत्नागिरीत पहाटे अजून गारवा असतो, पण दुपारचे ऊन चटका देऊ लागते. पावसाळ्यात हिरवागार दिसणारा सडा वाळलेल्या गवताने पिवळा पडतो. विहिरीचे पाणी खाली जाते. अशा वेळी झाडे विश्रांती घेत असतील, असे आपल्याला वाटते. पण तुमच्या घराचे अंगण जरा नीट पाहा. आंब्याच्या फांद्यांना मोहोर आलेला असतो. काजूच्या झाडाखाली बारीक गुलाबी-पांढरी फुले पडलेली असतात. शेवग्याची फांदी फुलांनी भरलेली असते. मोगऱ्याच्या झुडपाला पहिल्या कळ्या धरू लागतात. आकाशात ढग नाही, जमिनीत ओल नाही, आणि तरी एवढी फुले आताच का येतात?

पंचांगात चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने मानले आहेत. वसंतपंचमी मात्र माघ महिन्यात येते. म्हणजे वसंत येणार ही बातमी फुले आपल्याला आधीच देतात. उत्तर भारतात या दिवसांत मोहरीची शेते पिवळीधमक होतात. दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या दर्ग्यात या सुमारास ‘बसंत’ साजरी होते. एका लाडक्या नातलगाच्या मृत्यूमुळे औलिया दुःखात बुडाले होते. त्यांना हसवण्यासाठी कवी अमीर खुसरो पिवळी फुले घेऊन त्यांच्याकडे आले आणि तेव्हापासून ही प्रथा पडली, अशी आख्यायिका आहे.

उर्दूतील ‘बहार’ हा शब्द तुम्हांला चांगला माहीत आहे. तो मराठीतही रुळला आहे. झाड फुलांनी भरले की ‘झाडाला बहर आला’ असे आपण म्हणतो. डाळिंब पिकवणारे शेतकरी फुलांच्या हंगामांना मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार अशी नावे देतात. जानेवारी-फेब्रुवारीत, आंबा मोहोरतो त्या सुमारास येणारा तो आंबे बहार. ‘गुल’ हा फारसी शब्दही मराठीने आपला केला आहे. गुलाब, गुलकंद, गुलछडी, गुलमोहोर हे शब्द आपण रोज वापरतो. उर्दूतला ‘बौर’ तो मराठीतला ‘मोहोर’. म्हणून आपणही आंब्याच्या मोहोरापासूनच सुरुवात करू.

आंब्याची फांदी वर्षातून काही वेळा नवी पालवी काढते. कोवळी, तांबूस पाने हळूहळू हिरवी आणि जाड होतात. फांदी अशी पक्व झाली की ती मोहोरासाठी तयार होते. आपल्याकडे पाऊस खूप पडतो; पण जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी फार काळ टिकत नाही, ते लवकर निचरून जाते. पावसाळा संपला की जमीन कोरडी पडते आणि फांदीची वाढ थांबते. त्यानंतर रात्री थंड होऊ लागल्या की फांदीच्या टोकावरील डोळ्यातून मोहोराचा तुरा बाहेर पडतो. थंडी पडलीच नाही, तर त्याच डोळ्यातून पुन्हा पाने येतात. झाड तेच, डोळाही तोच. त्यातून पान यावे की फूल, हे बरेचसे हवेवर ठरते.

आता एक तुरा जवळून पाहा. त्यावर शेकडो, कधी काही हजार फुले असतात. प्रत्येक फूल मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे असते. ही सगळी फुले एकसारखी दिसली, तरी एकसारखी नसतात. बरीचशी फुले नर असतात. त्यांना फळ धरत नाही. ती फक्त पराग देतात. काही थोड्या फुलांत पराग आणि बीजकोश दोन्ही असतात. आंबा धरतो तो या फुलांना. मधमाश्या आणि निरनिराळ्या माश्या एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हिंडतात आणि पराग पोचवतात. मग फूल गळते आणि त्याच्या जागी हिरवा दाणा दिसू लागतो. आमच्या कोकणातले बागायतदार या दाण्याची वाढ फार छान शब्दांत सांगतात: आधी मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, मग गोटीएवढा, सुपारीएवढा, अंड्याएवढा. दर पायरीवर काही दाणे गळून पडतात. हजारो फुलांच्या तुऱ्यावर शेवटी एक-दोन आंबे राहिले, तरी माणूस समाधानी असतो.

फुलाचे महत्त्व शास्त्रज्ञही जाणतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आंब्याच्या फुलावर हापूसचे पराग घालून नवी जात तयार करण्यात आली. तिचे नाव ‘रत्ना’. ही जात १९८१ मध्ये प्रसारित झाली. हापूसच्या फळात कधी कधी साका निघतो, म्हणजे आतला गर पांढरट आणि निबर होतो. रत्ना आंब्यात तो दोष नाही. एवढ्या मोठ्या कामाची सुरुवात मोहरीच्या दाण्याएवढ्या फुलापासून झाली.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. मोहोर याच वेळी का येतो? कोरड्या हवेत पराग भिजत नाहीत. किडे मोकळेपणाने उडतात. मोहोरापासून आंबा तयार होण्यास साधारण चार महिने लागतात. म्हणजे फळ एप्रिल-मे महिन्यांत पिकते. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाऊस येतो. आंब्याचा बाठा फार दिवस जिवंत राहत नाही. त्याला लवकर ओल मिळावी लागते. जूनच्या पहिल्या पावसात तो रुजतो. झाडाने हा हिशेब कोणत्या शाळेत शिकला नाही. हजारो वर्षांत ज्या झाडांची वेळ जमली, त्यांचीच रोपे टिकली.

अंगणातील इतर झाडांकडेही पाहू. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आपल्या किनाऱ्यावर आणले. त्याचाही मोहोर थंडीत येतो. फूल गळल्यावर आधी बी वाढते आणि मग तिच्या वरच्या बाजूला बोंडू फुगतो. इतर फळांत बी आत असते. काजूची बी बाहेर लोंबते. परसातल्या रातांब्याला याच दिवसांत फुले असतात. त्याची नर झाडे आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बी पेरून लावलेल्या रोपांतली सुमारे निम्मी नर निघतात आणि त्यांना फळे येत नाहीत. रोप लहान असताना ते ओळखता येत नाही. पहिले फूल येईपर्यंत सात-आठ वर्षे वाट पाहावी लागते. म्हणून आता लोक मादी झाडाची कलमे लावतात.

सुरंगीचे झाड रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही वाड्यांमध्ये आहे. तिच्या कळ्या पानांआड, थेट जुन्या फांदीला घोसांनी चिकटलेल्या असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या फुलतात. कळ्या उमलण्याआधीच झाडावर चढून त्या काढाव्या लागतात. हे काम कष्टाचे आणि जोखमीचे आहे. मग बायका बसून वळेसर गुंफतात. पांढऱ्या पाकळ्यांमधले पिवळे केसर उमलले की सारे घर सुगंधाने भरते. फूल सुकले तरी वास राहतो.

देवचाफ्याला खुरचाफाही म्हणतात. तो मूळचा मध्य अमेरिकेकडचा. त्याची पाने गळतात आणि उघड्या फांदीच्या टोकावर पांढरी फुले येतात. देवळाच्या आवारात तो असतो आणि कब्रस्तानातही असतो. या फुलात मध नसतो. रात्री त्याच्या वासाला भुलून मोठे पतंग येतात, मध शोधतात आणि रिकामेच परत जातात. पण जाताना पराग घेऊन जातात. मोगराही संध्याकाळी उमलतो. अंधारात रंग दिसत नाही, म्हणून रात्रीची फुले बहुधा पांढरी आणि सुवासिक असतात. उलट पळस आणि पांगारा यांची लाल-केशरी फुले दिवसा पक्ष्यांना बोलावतात. त्यांना वास जवळजवळ नसतोच. आपल्याकडे लग्नाच्या सेहऱ्यात आणि गजऱ्यात मानाने बसणारा मोगरा फिलिपिन्स या देशाचे राष्ट्रीय फूल आहे.

अबोलीला मात्र वास नाही. म्हणूनच कदाचित तिला हे नाव मिळाले असावे. पण तिची वेणी दोन-तीन दिवस ताजी राहते. अबोलीची एक गंमत तुम्ही स्वतः करून पाहा. तिची वाळलेली बोंडे तळहातावर घ्या आणि त्यांवर पाण्याचे दोन थेंब टाका. थोड्या वेळात टप् असा आवाज होऊन बोंड फुटते आणि बिया लांब उडतात. पाऊस आल्याशिवाय बी बाहेर पडू नये, अशी ही योजना आहे.

आतापर्यंत आपण फुलांची शोभा पाहिली. पण रत्नागिरीत मोहोर ही केवळ शोभा नाही. बागायतदार, कलमांची राखण करणारे राखणदार, आंबे काढणारे, पेट्या भरणारे, गाड्या चालवणारे अशा असंख्य कुटुंबांचे वर्ष मोहोरावर ठरते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूस त्यात येतो. पण मानांकन मिळाले, म्हणून मोहोर वेळेवर येतोच असे नाही.

२०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीस ओखी चक्रीवादळ आले आणि कोकणात अवेळी पाऊस पडला. असा पाऊस मोहोराच्या तोंडावर पडला, की मोहोर लांबतो. मोहोर फुललेला असताना हवा ढगाळ आणि दमट झाली, तर त्यावर भुरी हा रोग येतो आणि तुडतुडे रस शोषून घेतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडावरचे तयार आंबे गळून पडले. थंडी कमी पडली तर मोहोर येत नाही हे खरे. पण थंडी फार लांबली तरीही नुकसान होते. फांदीवर वाटाण्याएवढे आंबे धरलेले असताना पुन्हा नवा मोहोर फुटतो. याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडातले अन्न नव्या मोहोराकडे जाते आणि आधीची फळे गळतात. मोहोर पूर्ण फुललेला असताना औषध फवारले, तर पराग पोचवणाऱ्या मधमाश्याही मरतात. म्हणून त्या काळात शक्यतो फवारणी टाळावी, असे कृषितज्ज्ञ सांगतात.

तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. दादीजान म्हणतील, “आमच्या लहानपणी मोहोर लवकर यायचा.” शेजारचे काका म्हणतील, “छे, तेव्हाही असाच यायचा.” दोघेही खोटे बोलत नाहीत. पण दोघांनीही तारीख लिहून ठेवलेली नाही. आठवण पुसट होते, त्यामुळे वाद मिटत नाही. हवा किती बदलली आणि त्याचा आपल्या झाडांवर काय परिणाम झाला, हे कळायचे असेल, तर नोंद हवी.

जपानमध्ये अशी नोंद आहे. तेथे वसंताच्या सुरुवातीस चेरीची झाडे फुलतात आणि लोक ती पाहण्यासाठी जमतात. क्योटो शहरातील दरबारी माणसे आणि मठांतले भिक्षू आपल्या रोजनिशीत लिहीत असत: आज चेरी पूर्ण फुलली, आज फुले पाहण्याचा समारंभ झाला. त्यातली सर्वांत जुनी नोंद इ. स. ८१२ ची आहे. यासुयुकी आओनो या जपानी संशोधकाने या जुन्या रोजनिशा वाचून तारखांची यादी तयार केली. २०२१ मध्ये क्योटोची चेरी २६ मार्चला पूर्ण बहरली. तोपर्यंतच्या बाराशे वर्षांच्या यादीत एवढी लवकरची तारीख नव्हती. हवा तापत आहे, याचा हा पुरावा जगभरचे शास्त्रज्ञ मानतात. रोजनिशी लिहिणाऱ्या त्या माणसांना हे माहीत नव्हते. त्यांनी फक्त फूल पाहिले आणि तारीख लिहिली.

आपल्या देशातही २०१० पासून ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम चालू आहे. त्यात अनेक शाळांतील मुले एक झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याची पाने, फुले व फळे पाहून नोंद करतात. आंब्याचे झाडही त्यात आहे. हे काम करण्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि रोज पाहणारे डोळे पुरेत.

तुम्हीही अशी वही सुरू करा. अंगणातले, शाळेच्या आवारातले किंवा रस्त्याकडेचे एक झाड निवडा. ते दरवर्षी तेच ठेवा. झाड बदलले तर तुलना करता येत नाही. घरी अंगण नसेल तर कुंडीतला मोगराही चालेल. पहिली कळी कधी दिसली, पहिले फूल कधी उमलले, झाड पूर्ण कधी बहरले आणि शेवटचे फूल कधी गळले, या चार तारखा लिहा. त्या दिवशी पहाटे थंडी होती का, ढग होते का, पाऊस पडला का, हेही एका ओळीत लिहा. जे पाहिले तेच लिहा. एखादा दिवस चुकला तर ती जागा रिकामी ठेवा. अंदाजाने भरू नका.

तारीख लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान कधी थंडीत येतो, कधी उन्हाळ्यात, तर कधी पावसाळ्यात. मराठी महिनेही चंद्रावरच चालतात, पण सुमारे तीन वर्षांनी अधिक महिना धरून ते ऋतूंशी जुळवून घेतात. झाडे ऋतूंप्रमाणे फुलतात. म्हणून वहीत इंग्रजी तारीख अवश्य लिहा. शेजारी हिजरी आणि मराठी तिथी लिहिली तर उत्तमच.

पहिल्या वर्षी ही वही अगदी साधी वाटेल. पाच वर्षांनी तिच्यात वीस तारखा होतील. तुम्ही शाळा सोडून जाल, तेव्हा ती धाकट्या भावंडाकडे द्या. पुढे कधी कोणी म्हणेल, “पूर्वी मोहोर लवकर यायचा,” तेव्हा तुमच्या घरी वाद होणार नाही. वही उघडली की उत्तर मिळेल. आज घरी गेल्यावर दप्तर ठेवा, बाहेर या आणि आपल्या झाडाकडे पाहा. मग वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख लिहा.

शब्दार्थ

मोहोर – आंबा, काजू इत्यादी झाडांचा फुलोरा, बौर
परस – घरामागील मोकळी जागा, बाग
सडा – डोंगरावरील जांभ्या दगडाचा सपाट भाग
गारवा – थंडावा, ठंडक
आख्यायिका – लोकांत चालत आलेली गोष्ट, रिवायत
पालवी – कोवळी पाने, कोंपल
डोळा (झाडाचा) – जिथून पान किंवा फूल फुटते ती जागा
बाठा – आंब्याची कोय, गुठली
रातांबा – कोकमाचे झाड व फळ
वळेसर – फुलांचा गुंफलेला गजरा
पतंग (कीटक) – रात्री दिव्याभोवती फिरणारे पाखरू, परवाना
अवेळी – नको त्या वेळी, बेवक्त
रोजनिशी – रोजच्या घटनांची वही, रोजनामचा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) आंब्याचे पराग कोण पोचवते?
(२) रत्ना ही जात कोणत्या दोन आंब्यांपासून तयार झाली?
(३) मोगरा कोणत्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे?
(४) क्योटोतील सर्वांत जुनी नोंद कोणत्या वर्षाची आहे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) थंडी पडली नाही तर आंब्याच्या झाडावर काय परिणाम होतो?
(२) पुनर्मोहोर म्हणजे काय? त्याने नुकसान कसे होते?
(३) रात्री उमलणारी फुले बहुधा पांढरी आणि सुवासिक का असतात?
(४) नोंदवहीत इंग्रजी तारीख का लिहावी?

प्र. ३. नमुन्याप्रमाणे तो, ती किंवा ते लिहा.
नमुना : ते फूल.
मोगरा, कळी, झाड, मोहोर, फांदी, पान, तुरा, अबोली

प्र. ४. अनेकवचन लिहा.
फूल, कळी, तुरा, झाड, फांदी, बी

प्र. ५. मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.

उपक्रम : वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने एक झाड निवडावे. सर्वांच्या तारखा एका मोठ्या कागदावर लिहून तो तक्ता वर्गात लावावा. पुढच्या वर्षी त्याच झाडांच्या तारखा शेजारी लिहून तुलना करावी.